रिंगखाली रांग नको

बास्केटबॉलची शिबिरे साधारण तीन प्रकारची असतात. जिल्ह्याचा किंवा राज्याचा संघ जाहीर झाल्यावर स्पर्धेच्या तोंडावर भरते ते तयारीचे शिबिर. होतकरू खेळाडू हेरण्यासाठी भरते ते निवडीचे शिबिर. आणि शाळांना सुट्टी लागली की गावातल्या किंवा वस्तीतल्या मुलामुलींसाठी भरते ते विकास शिबिर. पहिल्या दोन प्रकारांत येणाऱ्या मुलाला खेळता येत असते. तिसऱ्यात येणाऱ्या बहुतेकांनी बास्केटबॉल नीट हातातही धरलेला नसतो. त्यामुळे या शिबिराची आखणी मुळापासून वेगळी करावी लागते, आणि नेमका तोच फरक अनेक ठिकाणी विसरला जातो. पहिल्या दोन दिवसांत उंच आणि चपळ मुले बाजूला काढली जातात, त्यांचा संघ बनतो, आणि उरलेली तीस-पस्तीस मुले पंधरा दिवस रिंगखालच्या रांगेत उभी राहून घरी जातात. पुढच्या वर्षी त्यांतली फारच थोडी परततात.

निवडक मुलांची शिबिरे निरुपयोगी असतात असे मुळीच नाही. ‘बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स’ हा त्याचा उत्तम नमुना आहे. त्याची सुरुवात २००१ मध्ये इटलीतल्या त्रेव्हिसो येथे झाली. युगोस्लाव्हियाच्या फाळणीत आणि युद्धांत दुरावलेल्या प्रदेशांमधली मुले तिथे एका मैदानावर आणली गेली, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत सर्बियाचे व्लादे दिवात्स आणि क्रोएशियाचे टोनी कुकोच होते. २००८ मध्ये हे शिबिर दिल्लीत भरले, पुढे २०१७ आणि २०१८ मध्ये दिल्लीजवळच. पण तिथे पोहोचणारा मुलगा आधी कुठल्या तरी शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर शिकलेला असतो. त्या पहिल्या पायरीसाठी भारतात एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचा ‘ज्युनिअर एनबीए’ हा शालेय कार्यक्रम २०१३ पासून रिलायन्स फाउंडेशनच्या साथीने सुरू झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या एनबीए संघांत दोन सामने झाले, तेव्हा पहिल्या दिवशीचे प्रेक्षक म्हणून याच कार्यक्रमातली हजारो शाळकरी मुले बसली होती. एवढा मोठा डोलारा प्रत्येक तालुक्याला झेपणार नाही. मात्र एक मैदान, दोन रिंगा, पुरेसे चेंडू आणि समंजस प्रशिक्षक एवढ्यावर चांगले विकास शिबिर नक्की उभे राहते.

अशा शिबिराची सगळी आखणी एका प्रश्नाभोवती करता येते. प्रत्येक मुलाच्या हाती चेंडू किती वेळा येतो? वीस मुले एका रिंगसमोर रांगेत उभी केली आणि प्रत्येकाच्या लेअपला दहा सेकंद लागले, तर एकाची पाळी पुन्हा यायला दोनशे सेकंद जातात. वीस मिनिटांत त्याला जेमतेम सहा संधी मिळतात. तीच वीस मुले पाच-पाचच्या चार गटांत विभागली, प्रत्येक गटाला चेंडू आणि स्वतंत्र जागा दिली, तर तेवढ्याच वेळात प्रत्येकाला चोवीस संधी मिळतात. प्रशिक्षक तोच, मैदान तेच, मुलेही तीच, फक्त रांग मोडली की सराव चौपट होतो. चेंडू किती घ्यायचे, गट कसे पाडायचे, रिंगा कुठे लावायच्या, मदतनीस किती हवेत, हे सारे निर्णय या हिशोबातूनच निघतात.

म्हणूनच खर्चाच्या यादीत सर्वांत वर चेंडू यायला हवेत. टी-शर्ट, बॅनर, पाहुण्यांचे हारतुरे आणि चषक यांची पाळी त्यानंतरची. दोन मुलांमागे एक चेंडू असला तर काम छान चालते, आणि प्रत्येकाला एक देता आला तर उत्तमच. सिमेंटवर चामड्याचा चेंडू लवकर झिजतो, तिथे रबरी चेंडूच बरा. हातपंप आणि दोन-तीन जादा पिना आधीच आणून ठेवाव्यात, कारण ऐनवेळी पिन मोडते आणि मग निम्मे चेंडू हवेविना कोपऱ्यात पडून राहतात. हवा पुरेशी आहे की नाही हे पाहायची सोपी रीत अशी, की खांद्याच्या उंचीवरून सोडलेला चेंडू साधारण कमरेपर्यंत उसळला पाहिजे.

चेंडूच्या आकारात मात्र तडजोड नको. पुरुषांच्या सामन्यात सात क्रमांकाचा चेंडू असतो, महिलांसाठी सहा क्रमांकाचा, आणि बारा वर्षांखालच्या मुलांच्या मिनी-बास्केटबॉलसाठी पाच क्रमांकाचा. सातचे वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास भरते, तर पाचचे पाचशेच्या आत असते. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा हा फरक मोठ्या माणसाला नगण्य वाटतो, पण नऊ वर्षांच्या मुलीच्या मनगटाला तो जाणवतो. जड चेंडू तिच्याने वर जात नाही, म्हणून ती तो कमरेपासून दोन्ही हातांनी भिरकावते किंवा खांद्यावरून गोळाफेकीसारखा ढकलते. ही सवय एकदा लागली की पुढे तीन-चार वर्षे सुटत नाही. शाळेच्या कपाटात फक्त सात क्रमांकाचे चेंडू असतील, तर लहान गटासाठी पाच क्रमांकाचे थोडे तरी चेंडू विकत किंवा उसने आणलेच पाहिजेत.

रिंगच्या उंचीचेही तसेच. आजची तीन मीटर पाच सेंटिमीटरची, म्हणजे दहा फुटांची उंची शरीरशास्त्र पाहून ठरवलेली नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ सुरू केला, तेव्हा त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. समोर खेळायला होते ते अठरा तरुण विद्यार्थी, दहा वर्षांची मुले नव्हेत. मिनी-बास्केटबॉलमध्ये म्हणूनच रिंग दोन मीटर साठ सेंटिमीटरवर असते आणि फ्री थ्रोची रेषाही जवळ, बोर्डापासून चार मीटरवर असते. आपल्याकडच्या शाळांत बोर्ड कायमचे पक्के केलेले असल्याने आयोजक इथे हात टेकतात. पण गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून एक साधी रिंग करून घेऊन ती बोल्टने खांबावर खालच्या बाजूला बसवता येते, किंवा मैदानालगतच्या भक्कम भिंतीवर लावता येते. रिंग खाली आली की मुलाचा हात सरळ वर जातो, कोपर चेंडूखाली येते, आणि चेंडू पडूही लागतो. पहिल्या आठवड्यात जाळीतून गेलेले दहा चेंडू मुलाला दुसऱ्या आठवड्यात मैदानावर आणतात.

मैदान ठरवताना आधी खांब तपासावेत. हे काम वरवरचे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरयाणात बास्केटबॉलचे खांब अंगावर कोसळून दोन किशोरवयीन खेळाडूंचे प्राण गेले. पावसाळ्यांमागून पावसाळे गेलेला लोखंडी खांब बाहेरून रंगवलेला असतो आणि जमिनीलगत गंजून पोकळ झालेला असतो. शिबिराच्या किमान दोन आठवडे आधी जाणकार वेल्डर आणून तळाचे सिमेंट, बोल्ट, वेल्डिंगचे जोड आणि बोर्डाचे आधार पाहून घ्यावेत. हलवता येणारा स्टँड असेल तर त्याच्या मागच्या पेटीत पुरेसे वजन आहे का आणि चाके पक्की होतात का, हे रोज सकाळी पाहावे. शंका वाटली तर ती रिंग बंद ठेवावी, आणि त्या बाजूला ड्रिबल आणि पास यांचा सराव घ्यावा. त्यांना रिंग लागतच नाही. खांबाला फोमची गादी किंवा निदान जुन्या गाद्यांचे थर घट्ट बांधावेत. रिंगला लोंबकळायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून शेवटपर्यंत पाळावा. मैदानावरची खडी, वाळू आणि फुटक्या बाटल्यांच्या काचा रोज झाडाव्या लागतात, कारण सिमेंटवर वाळूचा पातळ थर असला तरी पाय घसरतो.

महाराष्ट्रात अशी शिबिरे एप्रिल-मे महिन्यांत भरतात, आणि तेव्हा सर्वांत मोठा धोका उन्हाचा असतो. नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. मुंबई-कोकणात तो खूपच खाली असतो, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होते, तेव्हा तिथला धोकाही कमी लेखू नये. सकाळचे सत्र साडेआठच्या आत आटोपावे आणि संध्याकाळचे पाचनंतर सुरू करावे. नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटे आधी उगवतो, म्हणून विदर्भातल्या शिबिराने साडेपाचला सुरुवात केली तर फायदाच होतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांनी पाणी प्यायचे, तहान लागलेली असो वा नसो. खेळाच्या भरात मुलांना तहान कळत नाही, आणि कळली तरी आपली पाळी जाईल या भीतीने ती थांबत नाहीत. पहिले चार दिवस सराव हलका ठेवावा, म्हणजे शरीराला उन्हाची सवय होते. एखादे मूल असंबद्ध बोलू लागले, भेलकांडले, अंग तापून लाल झाले किंवा बेशुद्ध पडले, तर तो उष्माघात समजायचा. मुलाला सावलीत न्यायचे, अंगावर भरपूर थंड पाणी ओतायचे, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवायचा, आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाने १०८ ला फोन करायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करणे थांबवायचे नाही. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. हे सगळे शिबिरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आधीच समजावून सांगावे लागते. त्या घडीला कागद काढून वाचायला वेळ नसतो.

गट कसे पाडायचे, यावर आयोजकांत नेहमी वाद होतो. आठ ते दहा, अकरा-बारा, आणि तेरा ते पंधरा असे तीन गट सर्वसाधारणपणे सोयीचे पडतात. पण जन्मतारीख आणि शरीराची वाढ नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती बाराच्या सुमारास, तर मुलांची चौदाच्या सुमारास, आणि त्यातही दोन वर्षे इकडे-तिकडे होतात. एकाच वर्गातली दोन मुले उंचीने फूटभर वेगळी असू शकतात. आज बुटका दिसणारा तेरा वर्षांचा मुलगा सतराव्या वर्षी सगळ्यांपेक्षा उंच निघतो, तर बाराव्या वर्षी राक्षसी वाटणारा मुलगा तिथेच थांबतो. म्हणून या वयात उंचीवरून जागा ठरवणे हा मुलांवर अन्याय आहे. उंच मुलाला रिंगखाली उभे केले आणि त्याला ड्रिबल शिकवलेच नाही, तर पुढे त्याच्याएवढी उंची सगळ्यांची झाली की तो मागे पडतो. विकास शिबिरात प्रत्येकाने सगळे शिकायचे. झपाट्याच्या वाढीच्या काळात हातापायांचा तोलही काही महिने बिघडतो, कालपर्यंत जमणारा लेअप आज जमत नाही. अशा मुलाला आळशी म्हणू नये. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखते अशी तक्रार या वयात पुष्कळदा येते. वाढत्या हाडाला जिथे स्नायूचा कंडरा चिकटतो तिथे उड्यांचा ताण पडून हे दुखणे होते. त्याला उड्या कमी करायच्या आणि डॉक्टरांना दाखवायचे, ‘खेळता खेळता जाईल’ असे म्हणून पळवायचे नाही.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे. नवख्या मुलाला सगळ्यांत आधी शिकवायचे ते पायांचे काम. थांबायचे कसे, वळायचे कसे, गुडघे वाकवून उभे राहायचे कसे. हे रटाळ वाटते आणि म्हणून बहुतेक शिबिरांत गाळले जाते, पण नवख्यांच्या सामन्यात शिट्टी सर्वाधिक वाजते ती ट्रॅव्हलिंगसाठी, आणि त्याचे मूळ न थांबणाऱ्या पायांतच असते. दोन्ही पाय एकदम टेकवून थांबणे म्हणजे जंप स्टॉप. तो जमला की मग एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा, म्हणजे पिव्हट. हे खेळातून शिकवता येते. मुले मैदानभर पळतात, शिट्टी वाजली की जंप स्टॉप घेतात, दुसऱ्या शिट्टीला पिव्हट घेऊन मागे वळतात. सुरुवातीला चेंडूशिवाय, मग चेंडू घेऊन. वॉर्मअपचा वेळ यातच भरून निघतो, आणि मैदानाला गोल चकरा मारायला लावण्याची गरज उरत नाही. चकरांनी दम वाढत असेल, पण चकरा मारताना चेंडू कोणाच्याच हातात नसतो.

ड्रिबलमध्ये दोन गोष्टींवर भर हवा. चेंडू तळव्याने थापटायचा नाही, बोटांच्या पेरांनी दाबायचा, आणि नजर वर ठेवायची. नजर वर राहावी म्हणून प्रशिक्षक समोर उभा राहून बोटे दाखवतो आणि मुले ड्रिबल करता करता मोठ्याने आकडा सांगतात. डावखुऱ्या मुलाने उजव्या आणि उजव्या हाताच्या मुलाने डाव्या हातानेही तेवढाच सराव करायचा. शिबिराच्या शेवटी कमकुवत हाताने पाच-सात ड्रिबल सलग होऊ लागले तरी ती मोठी कमाई आहे. त्यानंतर पास. चेस्ट पास, बाउन्स पास, डोक्यावरून दिलेला पास. समोरासमोर दोन ओळी करून पास द्यायला सगळेच शिकवतात, पण त्यात अंगावर येणारा विरोधक नसतो. म्हणून दोन-तीन दिवसांतच तिघांत पास आणि मध्ये एक ‘चोर’ असा खेळ सुरू करावा. चोराने चेंडू पकडला की ज्याचा पास चुकला तो चोर. मुले पास केव्हा द्यायचा हे त्यातून आपोआप शिकतात, आणि ते शब्दांनी शिकवणे जवळजवळ अशक्य असते.

लेअप शिकवताना उलटीकडून जावे. आधी रिंगखाली उभे राहून, ड्रिबल न करता, एका पायावर उडी मारून चेंडू बोर्डावरच्या चौकोनावर ठेवायचा. मग एक पाऊल मागून, मग दोन पावलांनी, मग एका ड्रिबलने, आणि सगळ्यांत शेवटी धावत येऊन. उजव्या बाजूने जाताना उडी डाव्या पायावर आणि चेंडू उजव्या हातात. जमिनीवर खडूने पावलांच्या खुणा काढल्या तर दहा मिनिटांचे व्याख्यान वाचते. शूटिंगचे वेड मुलांना पहिल्या दिवसापासून असते आणि ती तीन पॉइंटच्या रेषेबाहेर पळतात. त्यांना रागावण्यात अर्थ नाही. रिंगपासून दीड मीटरवर एक रेषा आखावी आणि तिथून सलग तीन चेंडू पडले की एक पाऊल मागे सरकायला द्यावे. पाय तोलात, डोळे रिंगवर, कोपर चेंडूखाली, आणि चेंडू सुटल्यावर मनगट खाली झुकलेले. एका वेळी यांतली एकच गोष्ट दुरुस्त करायची. चारही सांगितल्या तर मूल गोंधळते आणि चेंडू बोर्डालाही लागत नाही.

प्रत्येक सत्राचा जवळजवळ निम्मा वेळ खेळासाठी राखावा. पाच विरुद्ध पाच नव्हे, तर तीन विरुद्ध तीन, आणि सगळ्यात लहानांत दोन विरुद्ध दोन. दहा नवखी मुले एका चेंडूमागे लागली की मैदानभर एक घोळका फिरतो आणि धीट तिघांपलीकडे कोणाला चेंडू शिवतही नाही. तिघांच्या संघात लपायला जागा नसते. तीन जणांच्या बास्केटबॉलला आता ऑलिम्पिकमध्येही स्थान मिळाले आहे, टोकियोच्या स्पर्धेपासून. तेव्हा तो खेळ दुय्यम समजण्याचे कारण नाही. बचावात प्रत्येकाने आपापला खेळाडू सांभाळायचा. रिंगभोवती कोंडाळे करून उभ्या राहणाऱ्या झोन बचावाने लहानांचे सामने जिंकता येतात, कारण त्या वयात लांबून चेंडू टाकण्याची ताकद कोणातच नसते. पण त्यातून कोणी बचाव शिकत नाही, आणि समोरच्यांना रिंगपर्यंत पोहोचायलाही मिळत नाही. शिबिरात झोनला सरळ मनाई करावी.

दहा-बारा मुलांमागे एक प्रशिक्षक आणि एक मदतनीस असे प्रमाण ठेवता आले तर गट आवरतात. मुख्य प्रशिक्षक पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून शिकलेला असेल किंवा त्याच्याकडे संघटनेचा परवाना असेल तर चांगलेच, पण मुलांशी बोलण्याची रीत त्याहून महत्त्वाची आहे. मदतनीस म्हणून महाविद्यालयीन खेळाडू घ्यावेत. लहान मुले ‘सरां’पेक्षा या दादा-तायांकडे लवकर मोकळी होतात. त्यांना शिबिराआधी दोन दिवस एकत्र बोलावून कोणता सराव कसा घ्यायचा हे करून दाखवावे, आणि मानधन ठरवून वेळेवर द्यावे. शिक्षा म्हणून उठाबशा, पट्टीचा मार, नावे ठेवणे, ‘मुलीसारखा खेळतोस’ असले टोमणे, हे पहिल्याच बैठकीत कायमचे बंद करावे.

मुलांच्या सुरक्षिततेची दुसरी बाजू लोक बोलायला संकोचतात, म्हणून ती इथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. कुठलाही प्रौढ एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत किंवा वाहनात राहणार नाही, असा नियम लेखी करावा. शूटिंगचा हात दुरुस्त करताना आधी विचारावे, आणि शक्य तो स्वतः करून दाखवावे. मालिश, कपडे बदलण्याच्या जागी ये-जा, मुलांना रात्री-बेरात्री खासगी संदेश पाठवणे, यांना पूर्ण बंदी हवी. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यानुसार, म्हणजे पॉक्सोनुसार, असा अपराध कळल्यावर तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शिबिराचे किंवा संस्थेचे नाव खराब होईल म्हणून ते आपसांत मिटवता येत नाही. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक मैदानावर मुलांना दिसेल असा लावावा. फॉर्ममध्ये पालकांची संमती, जन्मतारीख, दमा, फिट, ॲलर्जी, चालू औषधे आणि दोन फोन नंबर घ्यावेत. मुलांची छायाचित्रे काढण्याला संमती वेगळी विचारावी.

मुलींची संख्या आयोजकांच्या इच्छेवर नव्हे, सोयींवर ठरते. चालू नळाचे, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह, निदान एक महिला प्रशिक्षक, आणि अंधार पडायच्या आत सुटणारे सत्र, एवढे असले तर घरचे पाठवतात. बारा-तेराव्या वर्षी पाळी सुरू झाली की अनेक मुली मैदान सोडतात. त्या दिवसांत खेळायचे की विश्रांती घ्यायची हे मुलीने ठरवावे, आणि ताईकडे सॅनिटरी पॅड आहेत हे सर्व मुलींना ठाऊक असावे. २०१७ मध्ये बंगळूरला महिलांच्या आशिया चषकाच्या ब गटात भारताने विजेतेपद मिळवले, त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे तिने भारताचे कर्णधारपदही सांभाळले. लहान मुलींना तिचे सामने दाखवावेत. आपल्यासारखे आडनाव असलेली, आपली भाषा बोलणारी मुलगी त्या पातळीवर खेळते हे डोळ्यांनी पाहिले की घरातल्या पुष्कळ प्रश्नांना उत्तर मिळते.

खाण्याचा प्रश्न सोपा आहे. सराव संपल्यावर केळे, शेंगदाण्याची चिक्की किंवा गूळ-दाण्याचा लाडू, मोड आलेल्या मटकीची उसळ, चालत असेल तिथे उकडलेले अंडे, आणि मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत. बाजारी एनर्जी ड्रिंक मुलांना देऊ नयेत, त्यांत कॅफीन असते. घरून उपाशीपोटी आलेल्या मुलासाठी सुरुवातीलाही एक केळे राखून ठेवावे.

पैशांच्या बाबतीत एवढेच, की मैदानभाडे, चेंडू आणि रिंग-दुरुस्ती हा खर्च मुले वीस असोत की साठ, तेवढाच राहतो, तर नाश्ता आणि टी-शर्ट डोक्यामागे वाढतात. फी ठरवताना दोन्ही वेगळे मांडले की हिशोब चुकत नाही. ज्यांना फी परवडत नाही अशा मुलांच्या जागा आधीच धराव्यात, आणि कोणी फी भरली, कोणी नाही, हे मुलांसमोर कधीही उच्चारू नये. बुटांसाठी मुलांना अडवू नये, पण अनवाणी किंवा चपलेवरही खेळू देऊ नये. आधीच्या वर्षीच्या मुलांना लहान झालेले बूट गोळा केले तर हा पेच बहुतेक सुटतो. या खेळात सर्वाधिक दुखापत घोट्याची होते, आणि ती बहुधा दुसऱ्याच्या पायावर पाय पडल्याने होते. प्रथमोपचार पेटीत क्रेप बँडेज आणि थर्मासमध्ये बर्फ रोज असावा. डोक्याला मार बसलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवू नये, मूल कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाले तरी.

शिबिर पंधरा ते वीस दिवसांचे असेल तर पहिल्या आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाची तीच छोटी चाचणी घ्यावी. तीस सेकंदांत भिंतीवर किती पास, कोनांमधून ड्रिबल करत जायला किती वेळ, दहा लेअपपैकी किती पडले, डाव्या हाताने किती. निकाल फलकावर लावायचे नाहीत, प्रत्येकाला त्याच्या कार्डावर द्यायचे, म्हणजे तुलना स्वतःच्याच जुन्या आकड्याशी होते. त्याच कार्डावर प्रशिक्षकाने एक जमलेली आणि एक पुढे करायची गोष्ट लिहावी. ‘छान प्रगती’ एवढे लिहून पालकांना काहीच कळत नाही. ‘डाव्या हाताने रोज शंभर ड्रिबल’ असे लिहिले तर घरच्या अंगणात किंवा गच्चीवर ते होऊ शकते. समारोपाला भाषणांऐवजी पालकांसमोर तीन-तीन जणांचे सामने ठेवावेत आणि त्यांत प्रत्येक मूल सारखा वेळ खेळेल हे पाहावे.

तरीही पंधरा दिवसांत खेळाडू तयार होत नाही. मुंबईतल्या नागपाड्याचे उदाहरण इथे महत्त्वाचे आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये तिथे नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केले. दाट वस्तीच्या या भागात बास्केटबॉल पुढे घराघरांत रुजला. भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे गुलाम अब्बास मुंतसिर याच भागातले. तिथल्या मैदानाला ज्यांचे नाव दिले आहे त्या बच्चू खान यांनी मुलांच्या पिढ्या शिकवल्या. नागपाड्याची ताकद मोठ्या शिबिरांत नव्हती. संध्याकाळी मैदान उघडे असे, मोठी मुले खेळत, लहान कडेला उभी राहून पाहत, आणि मैदान रिकामे झाले की चेंडू त्यांच्या हाती येई.

तेव्हा शिबिर जाहीर करण्यापूर्वीच जून ते मार्चची सोय ठरवावी लागते. शाळेशी किंवा नगरपालिकेशी बोलून आठवड्यातले दोन दिवस, दीड-दीड तास, मैदान मागून घ्यावे. शिबिराला आणलेले चेंडू, पंप आणि खाली लावलेली रिंग तिथेच राहू द्यावी, कपाटात कुलूपबंद होऊ देऊ नये. मदतनीस दादा-तायांपैकी दोघांनी वर्षभराची जबाबदारी घ्यावी आणि त्यांच्या प्रवासखर्चाची तजवीज शिबिराच्या फीतूनच करावी. तेराच्या पुढच्या, आवड असलेल्या मुलांना जिल्हा संघटनेच्या आणि शालेय स्पर्धांची माहिती द्यावी. लहानांना मात्र चौदाव्या वर्षापर्यंत एकाच खेळात जखडू नये, त्यांनी पोहावे, पळावे, खो-खो आणि कबड्डीही खेळावी, त्याचा बास्केटबॉलला फायदाच होतो. पावसाळ्यात उघडे मैदान चालत नाही, त्या महिन्यांसाठी शाळेचा हॉल किंवा मंगल कार्यालयाचा रिकामा मांडव बघून ठेवावा, तिथे रिंग नसली तरी ड्रिबल आणि पास होतात. समारोपाच्या दिवशी मुलांच्या हाती द्यायच्या कार्डावर पहिल्या नियमित सरावाची तारीख, वार, वेळ आणि मैदानाचे नाव छापलेले असावे.